हे भोक बुजवू नका

मित्रांनो, मी एक जुनं पोट आहे. हसू नका! रबराचं का होईना, पण पोट. लठ्ठपणानं बेजार झालेल्या माणसाच्या तोंडावाटे नळी घालतात आणि आतूनच टाके घालून पोट लहान करतात. बाहेरून कापाकापी नाही. तो हात आधी माझ्यावर बसवतात.

हे टाके घालतात त्याच खोलीतल्या फडताळात माझा मुक्काम. तिथे मोठे डॉक्टर आणि त्यांच्या हाताखालच्या मॅडम, दोघांची शिवण दोन तऱ्हांची. मोठ्या डॉक्टरांचा हात सफाईदार, पण शेवटी वरच्या पातळ भागात एक जादा टाका घालायची त्यांना खोड. "एक टाका जास्त, दोन किलो कमी!" असं म्हणायचे.

एका दुपारी सरावात त्या जादा टाक्याची सुई माझ्यातून आरपार गेली आणि शेजारचा अवयव म्हणून ठेवलेल्या स्पंजात रुतली. ओढली तर हे एवढं भोक!

"रबर जुनं झालंय," मोठे डॉक्टर म्हणाले.

नाचता येईना, अंगण वाकडं! मला असा राग आला म्हणता, पण सांगणार कुणाला?

मदतीला उभ्या असलेल्या सिस्टरचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. दुसऱ्या दिवशी टेबलावर त्यांचा सख्खा भाऊ येणार होता.

"सर, खऱ्या पोटाशेजारी स्पंज नसतो," त्या म्हणाल्या. "उद्या माझा दादा आहे."

मग मॅडमनी माझ्या आत खुणेचे ठिपके काढले. खालून सुरुवात, ठिपक्यांवरच टाके, वरचा भाग सोडायचा. दोघांनी अगदी तसंच शिवायचं आणि सिस्टरनी एकेक पायरी मोठ्यानं म्हणायची. संध्याकाळपर्यंत मला पाच वेळा शिवलं, पाच वेळा उसवलं.

सकाळी दादांना भूल दिली. पडद्यावर त्यांचं पोट आणि आत काढलेले तसेच ठिपके दिसत होते. टाके ठिपक्यांवरून नीट वर सरकले. शेवटचा झाला आणि मोठ्या डॉक्टरांचा हात सवयीनं आणखी वर वळला. टाका घालायला नळीच्या टोकाची सुई उघडली.

"वरचा भाग सोडायचा, सर." सिस्टर मोठ्यानं म्हणाल्या.

हात थांबला, पण सुई मिटेना. माझा जीव टांगणीला लागला.

"सोडला," मोठे डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी सुई मिटली.

दादा शुद्धीवर आले ते "झालं पण?" असं विचारतच. सिस्टर हसता हसता रडल्या.

आता माझं रबर खरंच कडक झालंय. नवं, गुळगुळीत पोट आलंय. तरी कुणी नवखा डॉक्टर आला की मोठे डॉक्टर मलाच खाली काढतात, भोकात बोट घालतात आणि सांगतात, "हे मी पाडलं."

म्हणून मित्रांनो, मला धुवा, पुसा, जपून ठेवा. पण हे भोक तेवढं बुजवू नका.