कुणाचं अंग?

हमरापुरात हिरामणकाकाच्या गणपतीच्या कारखान्यात एका रंगाला नुसतं 'अंग' म्हणत. पितांबराचा पिवळा, उंदराचा करडा, मुकुटाचा सोनेरी, आणि मूर्तीच्या कातडीला जो फिका गुलाबी रंग लागतो तो 'अंग'. "अंग संपलं", "अंग दाट झालंय, पाणी घाल", असं दिवसभर चालायचं. पुतळी पहिल्यांदा तिथं कामाला आली तेव्हा कुणीतरी हाक मारली, "अंग आण गो." तिने विचारलं, "कुणाचं?"

सगळा कारखाना हसला. काकाचा मुलगा प्रविण तर स्टुलावरून पडता पडता राहिला.

पण पुतळीने काही थट्टेत विचारलं नव्हतं. नववीत गेल्यापासून तिला प्रश्न विचारायची चटक लागली होती. पेणच्या शाळेत वक्तृत्वाची ढाल मिळाली आणि तिचा आवाज जो मोकळा झाला तो पुन्हा काही बसला नाही. आधी ती शेवटच्या बाकावर अंग चोरून बसायची, कारण वर्गातली पोरं विचारायची, "पुतळी, तू शाडूची का डांबराची?" आता ती उलट विचारायची, "डांबर नसतं तर तुझी एस्टी रामवाडी स्टँडच्या पुढं आली असती काय रे?"

एक कोडं मात्र तिला सुटत नव्हतं. पाहुणी बाई आली की हनुवटी धरून म्हणायची, "पोर नाकीडोळी नीटस हाय, पण..." आणि तिथंच थांबायची. त्या 'पण'च्या पुढं काय, ते कुणीच बोलत नसे आणि सगळ्यांना ठाऊक असे. आई, हौसा, जन्मभर मिठागरात उन्हात राबलेली, दर रविवारी तिच्या तोंडाला बेसन-दूध चोळायची. त्यात ते विश्वसुंदरीचं वारं आलेलं. टीव्हीवर रोज एक ट्यूब, आणि ट्यूबमधली मुलगी प्रत्येक जाहिरातीत काळीची गोरी होऊन नोकरीला लागायची. पुतळीने आईला विचारलं, "त्या पोरीचं डोकं काळी असताना चालत नव्हतं काय गो?"

"गप बस, तोंड हलवू नको. बेसन पडतंय."

श्रावणात हिरामणकाकाने तिला बोलावलं. "गौरींचे मुखवटे रंगवायचे हायेत. अंग तू बनव. जमलं तर उद्यापासून रंगावर बस. नाय तर परत घासकामाला."

घासकाम म्हणजे दिवसभर पॉलिश पेपरने मूर्ती घासायच्या आणि संध्याकाळी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं घरी जायचं. रंगावर आजवर एकही मुलगी बसली नव्हती. पुतळीला ती जागा हवी होती, ढालीपेक्षाही जास्त.

"कसं बनवू?"

"पांढऱ्यात जरा पिवळा, जरा लाल, गेरूचं बोट. मग मनगटावर लावून बघायचं. मनगटात मिळाला की झाला. आमच्या गुरूने असंच शिकवलंय." एवढं सांगून काका मुकुटांचे खडे आणायला पेणच्या बाजारात गेला.

पुतळीने पांढरा घेतला, पिवळा घातला, लाल घातला, गेरूचं बोट फिरवलं. मनगटावर ठिपका दिला. चुना सांडल्यासारखा उठून दिसला. मिळाला नाही. आणखी गेरू घातला. ठिपका दिला. आता दह्यासारखा. आणखी गेरू, थोडा लाल. मनगटावर ठिपक्यांची रांग कोपराकडे निघाली आणि एकेक ठिपका मावळत चालला. शेवटचा तर दिलाय कुठं तेच तिला सापडेना. तिला इतका आनंद झाला, की तिने डबा उचलून सरळ प्रविणपुढं ठेवला.

प्रविण कानाला ट्रान्झिस्टर लावून होता. त्याने डब्यात डोकावलं. "हे काय गो?"

"अंग."

"असं?"

"ओलं हाय ना. चुना कसा, ओला मळकट आणि सुकल्यावर पांढरा? तसं." पुतळीच्या आवाजात ढाल बोलत होती. प्रविणने मान हलवली आणि स्प्रेची गन चालू केली. अंधार पडेपर्यंत दोघांनी सगळे मुखवटे रंगवले, आणि घाईघाईने डोळे-ओठही काढून ठेवले.

सकाळी रंग सुकला होता. उजळला नव्हता.

पत्र्याच्या फटीतून ऊन येत होतं आणि फळीवर गौरी मांडल्या होत्या. गव्हाळ म्हणावं तर गव्हाच्या पुढं गेलेल्या, नाचणीच्या भाकरीच्या वर्णाच्या. काका दारात उभा राहिला आणि चपला काढायच्या विसरला.

"रोह्याच्या विमलबाईचा माल हाय हा. ती आता यायची, टेम्पो घेऊन. काय केलंस हे?"

"तुम्ही सांगितलं तेच. मनगटात मिळेपर्यंत घातला." पुतळीने हात पुढं केला. काकाने मनगट पाहिलं, मुखवटा पाहिला, परत मनगट पाहिलं. रंग तंतोतंत होता.

एवढ्यात हौसा न्याहारीचा डबा घेऊन आली. लेकीने काय घोळ घातलाय ते बघायला फळीपाशी गेली आणि तिथंच थबकली. मग तिने डोक्यावरून पदर घेतला, मोठ्या माणसापुढं घेतात तसा.

"ही तर माझी आय," ती म्हणाली.

"कोण?" प्रविणने विचारलं.

"ही कडेची. अशीच दिसायची. हसायच्या आधी."

"आत्ये, साचा एकच हाय गो. सगळ्यांची तोंडं सारखीच."

"मग ही तुझी मालूकाकी. आणि ती तिकडं, रागावलेली, ती मी."

प्रविण हसला आणि मग हसायचं थांबून नीट पाहू लागला. पुतळीही पाहू लागली. तोच साचा, तीच नाकं, गेली कित्येक वर्षं इथूनच गेलेली. गुलाबी होत्या तेव्हा कुणीच कुणासारखी दिसली नव्हती. आता फळीवर अख्खी आळी बसली होती.

विमलबाई आली ती दारातूनच म्हणाली, "हिरामण, माझ्या गौरी उन्हात राबायला गेल्या होत्या काय रे?"

"आजच्या आज परत रंग मारून देतो, बाई."

"मारच. रोह्यात गोरीच गौर जाते. शब्दातच हाय ते, गौर म्हणजे गोरी." बोलता बोलता तिने कडेचा मुखवटा उचलला, उजेडात नेला, हनुवटीला बोट लावलं. "नाकीडोळी नीटस हाय."

पुतळी वाट बघत राहिली. 'पण' आला नाही.

"ही जोडी राहू दे," विमलबाई म्हणाली. "दुकानाला नको, घरी. माझी मोठी जाऊ अशी होती. सणाला कुणी तिला पुढं बसवली नाय कधी. बाकीच्या मार तू."

ती चहा प्यायला बसली, तशी पुतळी काकाजवळ सरकली. "काका, तुमचं मनगट दाखवा."

काकाने बाही वर केली. मिठागरात राबणाऱ्याचं असावं तसं मनगट, तिच्याहून दोन हात गडद.

"मग तुमचा रंग गोरा कसा व्हायचा?"

"मी कुठं बघतो मनगटावर? गुरूने एकदा बनवून दाखवला, तोच हाताला बसला."

"गुरू कसे होते?"

"पेणचे. सुरेख माणूस. दुधासारखे गोरे..." काका बोलता बोलता थांबला आणि फळीकडे वळला. पुतळीने मात्र मनातल्या मनात हिशोब लावून टाकला होता. या दारातून आजवर जितके देव गेले, जितक्या गौरी गेल्या, त्या सगळ्यांना एका माणसाचं मनगट लागलं होतं. आणि आई तेच मनगट बेसनाने चढवायला बघत होती तिच्या तोंडावर.

"परत बनव," काका शेवटी म्हणाला. "या खेपेला मनगट नको. जुन्या मुखवट्याला लावून बघ."

म्हणजे घासकाम नाही. पुतळीने दुसरा डबा घेतला, पांढऱ्यात पिवळा घातला, लाल घातला, गेरूचं एकच बोट फिरवलं. कालचा उरलेला डबा ओतून द्यायला प्रविणने हात घातला, तर तिने त्याच्या हातावर चापट मारली, डब्याला झाकण लावलं आणि तो आपल्या पाटाशेजारी ठेवला.

फळीच्या टोकाशी काका पहिला मुखवटा घेऊन बसला. मान वर न करता त्याने हाक मारली, "पुतळे, अंग आण गो."

पुतळीने दोन हातांत दोन डबे घेतले आणि त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"कुणाचं?"

या वेळी कुणी हसलं नाही. काकाने तिच्या एका हाताकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे.