कार्डांच्या डब्यात नसलेलं नाव

मी कार्डांचा डबा बोलतोय. दौंडला भागुबाईच्या घरात फळीवर असतो. माझ्यात खाण्यासारखं काही नाही, तरी घरात सगळ्यांत जास्त मलाच पुसलं जातं.

माझा जन्म १९७४ सालचा, शिरूरच्या बाजारातला. तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून एका पत्रेवाल्याने मला ठोकलं. भागुबाईचा थोरला मुलगा म्हाळू समोर उकिडवा बसून माप सांगत होता.

"चाचा, कार्ड उभंच ऱ्हायलं पायजे. आडवं पडलं की हुडकता येत न्हाई."

"कार्ड है का नवरी? किती नखरे!" चाचा हसला.

म्हाळू दौंडच्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होता. पिकावरच्या फवारणीचं औषध अंगात भिनलेली माणसं राहू, कासुर्डी अशा गावांकडून त्या दवाखान्यात यायची. काही वाचायची, काही नाही. या विषबाधेवर जगात आजवर काय काय लिहिलं गेलं, ते सगळं गोळा करून डॉक्टरांना एक मोठा आढावा लेख लिहायचा होता. त्यासाठी दर गुरुवारी म्हाळू मला घेऊन शटल गाडीने पुण्याला, मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत जायचा.

तिथे अमेरिकेहून आलेली जाड सूचीची पुस्तकं होती. कोणत्या डॉक्टरी मासिकात काय छापलं, त्याची विषयवार यादी. म्हाळू ओळीखाली बोट ठेवून उतरत जायचा. कामाची ओळ सापडली की तिचं एक कार्ड करायचा. लेखक, लेख, मासिक, साल, पान. इंग्रजी त्याला मॅट्रिकपुरतंच येत होतं, पण अक्षर मोत्यासारखं होतं.

पहिले दोन महिने मी जवळजवळ रिकामाच होतो. डॉक्टरांनी शोधायला दिलेल्या शब्दाखाली सूचीत चार-दोनच लेख होते. "लिहिलंच नसेल कुणी," डॉक्टर म्हणाले.

मग राहूच्या हौसरावांना बैलगाडीतून आणलं. तोंडाला फेस आलेला. बायकोने औषधाची बाटलीही सोबत आणली होती. हौसराव वाचले. म्हाळूने त्या बाटलीवरचं बारीक अक्षरातलं रसायनाचं नाव उतरवून घेतलं आणि पुढच्या गुरुवारी सूचीत तेच शोधलं. पानंच्या पानं निघाली! आढावा लेखांची यादी पुस्तकात वेगळी असते, हेही त्याला त्याच दिवशी कळलं. असा एक लेख मिळाला की त्याच्या शेवटी आणखी शंभर लेखांचे पत्ते असतात.

स्टेशनवर धाकटा भाऊ बन्सी भेटला. तो मालधक्क्यावर हमाल होता. शाळा दुसरीतच सुटलेली.

"बन्स्या, घावलं! आतल्या रसायनाच्या नावानं हुडकायचं असतंय!"

"मंग डाक्टरला ठावं न्हवतं व्हय?"

"त्येंना कुठं येळ हाय."

"तुला बरा येळ हाय फुकटचा," बन्सी म्हणाला. पण मला खांद्यावर घेऊन घरापर्यंत तोच आला.

दोन वर्षांत मी गच्च भरलो. "म्हाळू, लेखावर माझ्या खाली तुझं नाव," असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्याने ते घरी येऊन तीनदा सांगितलं. आई म्हणाली, "छापून आलं की मला दाव. मी हात लावून बगंन."

पुढच्या पावसाळ्यात म्हाळूला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे. डॉक्टर दोनदा घरी आले. दोन्ही वेळा नाडी पाहून झाल्यावर त्यांची नजर माझ्याकडे वळली. दुसऱ्यांदा म्हाळूने विचारलं, "सायेब, नाव…"

"वेडा आहेस का? दिलं म्हणजे दिलं."

चार दिवसांनी म्हाळू गेला. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बौद्ध रीतीने श्रद्धांजली वाहायच्या दिवशी डॉक्टर पांढऱ्या कपड्यांत आले, मागे बसले आणि निघताना म्हणाले, "बन्सी, तेवढा डबा दे. लेखात तो जिवंत राहील." बन्सीने रडत रडत मला त्यांच्या हाती दिलं. म्हाळूच्या हाताला माझं झाकण जसं उघडायचं, तसंच त्यांच्याही हाताला उघडलं. याची मला आजही लाज वाटते.

वर्षभराने लेख छापून आला. बन्सी दवाखान्यात धावला. बाळासो नावाच्या नव्या कंपाउंडरने त्याला मासिक वाचून दाखवलं. वर एकट्या डॉक्टरांचं नाव. शेवटी आभार होते, ते डॉक्टरांच्या पत्नीचे आणि टाइप करणाऱ्या बाईंचे.

"पुन्यांदा वाच," बन्सी म्हणाला. बाळासोने खाली मान घालून पुन्हा वाचलं.

तेवढ्यात डॉक्टर आले. "अरे, शोधणं वेगळं, लिहिणं वेगळं. असल्या लेखात डॉक्टरांचीच नावं असतात."

"मंग तवा व्हय का म्हनला?"

"आजारी माणसाला नाही कसं म्हणायचं?"

बन्सीने टेबलावरून मला उचललं.

"डबा राहू दे, अजून लागेल."

"लागू द्या!" म्हणत तो बाहेर पडला.

घरी भागुबाई दारातच होती. "छापलं का रं नाव?"

"व्हय," बन्सीच्या तोंडून गेलं.

"दाव मला."

त्याने माझं झाकण उघडलं, हाताला येईल ते कार्ड काढलं आणि पहिल्या ओळीवर तिचं बोट ठेवलं. "ह्ये बग. दादा."

मग बाकीची कार्डं काढून तिने प्रत्येकावर बोट फिरवलं. "एवढ्या ठिकाणी?" असं म्हणून ती पदर डोळ्यांना लावून हसली.

ती ओळ परदेशातल्या कुणा डॉक्टरच्या नावाची होती. बन्सीला ते वाचता येत नव्हतं, पण ते म्हाळूचं नाव नाही एवढं त्याला माहीत होतं. माझ्यात एवढी कार्डं आहेत, जगभरच्या माणसांची नावं आहेत. म्हाळूने स्वतःचं नाव मात्र एकावरही लिहिलं नव्हतं.

आता येईल त्याला भागुबाई मला उघडून दाखवते. बन्सी तेव्हा उठून बाहेर जातो.

कधी तुम्हीही याल. तुम्हाला वाचता येतं. तिला खरं सांगा असं मी म्हणत नाही, आणि खोट्याला मान हलवा असंही म्हणवत नाही. तळाशी काही कोरी कार्डं उरली आहेत. खिशात पेन असेल तर एकावर म्हाळूचं नाव लिहा, आणि तिचं बोट त्यावर ठेवा.