फणसाचा पाट, माहेरचं पातं

बायको, मालन, वारल्याचं कळलं त्या सकाळी काशीराम अंगणात बसून तिच्या विळीला नवा पाट करत होता. त्र्याऐंशी सालचा माघ. भावाकडे पूजा म्हणून मालन पावस गावी गेली होती. विळीचा जुना पाट वाळवीनं खाल्लेला. ती यायच्या आत फणसाचा नवा करून ठेवायचा, असं त्याच्या मनात होतं. पातं ठोकून झालं आणि एस.टी.तून मेव्हणा उतरला. एकटाच. रात्री छातीत कळ आली, एवढंच त्याला सांगता आलं.

दिवसकार्य उरकलं. हेदवीला दिलेली मुलगी, राही, परत जायला निघाली तेव्हा आवडाबाई ओटीवर येऊन बसली. ही काशीरामची थोरली बहीण. ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी आलेली. तिला सगळे आक्का म्हणत.

"काशा, मालनचं स्त्रीधन राहीला बांधून दे."

"कसलं धन गो आक्का? आम्ही काय सावकार?"

"माझा नवरा गेला तेव्हा दीरही हेच म्हणाले होते, मेल्या. रत्नागिरीच्या वकिलानं त्यांना समोर बसवून सांगितलं. लग्नात होमापुढे मिळालं ते, बापाच्या दारातून निघताना मिळालं ते, भावानं, नवऱ्यानं मायेनं दिलं ते, सगळं बाईचं. इंग्रजांच्या कितीतरी आधीचा, शास्त्रातला शब्द आहे तो. नवऱ्यानं हात लावायचा तर दुष्काळात, नाहीतर आजारपणात. त्या एका शब्दावर माझा हंडा परत आला. आणि आईचं ते पुढे लेकीचं."

काशीरामनं वाद घातला नाही. मालनची कळशी, समई, लग्नातला शालू, सगळं स्वतः आणून राहीच्या पुढ्यात ठेवलं.

"आणि ती विळी?" आक्का म्हणाली. "पातं मालनच्या बापानं दिलंय."

काशीराम उठला आणि जाऊन विळीवरच बसला.

"पाट माझा आहे. मी केलाय."

"पाट तुझा, पातं राहीचं. आणि खिळे रे?"

"खिळेही माझेच."

"मग काढ खिळे आणि दे पातं."

राहीला हसू आलं. आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

"नाही देत," काशीराम म्हणाला. "दुष्काळ पडलाय."

"दुष्काळ? माडाखाली नारळ कुजतायत तुझ्या!"

"कुजतायत ना? मालन खवून खोबऱ्याचं वाटप घालायची. आता आमटी नुसती पाण्यासारखी. हा दुष्काळ नाही तर काय? विचार तुझ्या वकिलाला."

 आक्का हळूच म्हणाली, "ती आमटी मी करते, काशा. माझ्या तोंडावर पाणी म्हणतोस होय?"

"तुझी चांगली असते गो. पण ती मालनच्या हातची नसते."

राहीनं बोचक्याची गाठ मारली.

"असू दे आबा. तुम्हाला खवता आलं की दुष्काळ संपला. मग येईन विळी न्यायला."

"शिकतो की," काशीराम म्हणाला, पण विळीवरून उठला नाही.

याला आता चार वर्षं झाली. गणपतीला आली की राही विचारते, "शिकलात का आबा?" आक्का त्याच पाटावर बसून खवता खवता म्हणते, "हा कसला शिकतोय!"

काशीरामला अजून नारळ खवता येत नाही.