ग्राहक हजर हवा

दमयंतीबाईंचं वीजबिल तिपटीनं आलं. उस्मानपुऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत राहणार एकटी बाई. एक फ्रीज, दोन पंखे, आणि टीव्ही तर कीर्तन संपलं की बंद. मग एवढी वीज खाल्ली कोणी? पुढच्या महिन्यातही तसंच बिल आलं, आणि निम्मी पेन्शन त्यातच जाणार हे दिसल्यावर त्यांनी लेकीला फोन केला.

लेक मनस्विनी क्रांती चौकातल्या बँकेत नोकरीला. संध्याकाळी येऊन तिनं सगळं समजावलं. मीटर तपासून मागायचा आपला हक्क आहे. वाद मिटेपर्यंत निषेध नोंदवून मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतके पैसे भरले, तर लाईन तोडता येत नाही.

"फक्त कनेक्शन अजून बाबांच्या नावावर आहे. वीज ऑफिसात विचारलं मी, अर्ज ग्राहकाचाच लागतो म्हणाले. आधी ते तुझ्या नावावर करून घेऊ."

"तेवढं राहू दे," दमयंतीबाई म्हणाल्या.

मनस्विनीनं कपाळाला हात लावला. पण आईचं दुखणं तिला कळत नव्हतं असं नाही. अनंतरावांना जाऊन तीन वर्षं झाली होती. बँकेनं, रेशन दुकानानं, सोसायटीनं एकेक करून त्यांचं नाव कमी केलं. दर महिन्याला 'श्री. अनंतराव' म्हणत घरी येणारं आता हे वीजबिलच तेवढं उरलं होतं.

लेक गेल्यावर बाईंनी एक आचरट उद्योग केला. स्वतःच अर्ज लिहिला आणि खाली नवऱ्याची सही ठोकून दिली. संसारात ही सही त्यांनी कितीदा तरी केली होती, अगदी मुलीच्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा. अनंतराव महाआळशी, "तूच कर गं" म्हणायचे आणि पेपरात डोकं घालायचे. त्यामुळं आपण काही खोटं करतोय असं बाईंना वाटलंही नाही.

आठवड्यानं मीटर तपासणारा सत्यम पेटी घेऊन दारात उभा राहिला.

"काकू, काकांना बोलवा. सील त्यांच्यासमोरच काढावं लागतं."

बाई पुढं झाल्या. "मी आहे ना. मला दाखव."

"नाय काकू. ज्यांचा अर्ज तेच हजर पाहिजेत. नंतर आमच्यावरच येतं."

"ते बाहेर गेलेत."

"मग थांबतो की. लई घाई नाय मला."

आणि तो भला पोरगा खरंच खुर्चीत बसला. आता आली का पंचाईत! बाईंनी चहा टाकला.

"काका फिरायला जातात व्हय रोज?" त्यानं बशीत चहा ओतत विचारलं. "चांगलंय. आमच्या आबांना लई सांगतो, पण ऐकत नाय."

बाईंनी त्याच्यापुढं बिस्किटं सरकवली. बाहेर दोनदा पावलं वाजली. दोन्ही वेळा सत्यमनं दाराकडं पाहिलं, आणि दोन्ही वेळा बाईंनीही. आपणही वाट बघतोय हे लक्षात आलं तशा त्या चरकल्या.

"बाळ," त्या म्हणाल्या, "तू कितीही थांबलास तरी ते यायचे नाहीत."

सत्यमनं बशी खाली ठेवली.

"गेले ते. तीन वर्षं झाली. सही मीच केली होती."

एवढं बोलून बाई रडल्या. परक्या पोरासमोर, लाज न बाळगता, पोटभर रडल्या. तो बिचारा पेटीचा पट्टा धरून बसून राहिला. मग बाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"त्यांचं नाव काढायला काय काय लागतं," त्यांनी विचारलं, "तेवढं सांग."