फरशीखालचा काळा कागद

मी बोलतोय. आवाज कुठून येतोय म्हणून मागे वळून बघू नका. तुम्ही माझ्यावरच उभे आहात. फरशीच्या खाली, काँक्रीटच्याही खाली, वाळूवर जो काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो ना, तोच मी. घर बांधून झालं की मला कोणी पाहत नाही. पाहायची वेळ येऊही नये.

माझा जन्म कारखान्यातला. वितळलेल्या दाण्यांत हवा फुंकली, भलामोठा फुगा झाला, तो चपटा करून गुंडाळून ठेवला. अंगाला कुठे रंध्र नाही, एवढंच काय ते माझं भाग्य. जमिनीतली ओल वर चढू द्यायची नाही, हे एकच काम माझ्या कपाळी लिहिलेलं.

मी ज्या घरात आलो, ते एका मुलीच्या छातीसाठी बांधलं जात होतं. सगळे तिला चिमणी म्हणत. सात वर्षांची पोर. जुन्या घराच्या भिंती बारा महिने ओलसर, आणि हिचा खोकला काही हटेना. डॉक्टर म्हणाले होते, "औषध मी देईन, पण कोरडं घर तुम्हालाच द्यावं लागेल." तेव्हा चिमणीच्या आईनं नेम धरला. पोर एक रात्र न खोकता सलग झोपेपर्यंत, ती जिथं झोपणार तिथं रोज तिन्हीसांजेला दिवा लावायचा. नव्या घराचा पाया भरला तशी ती तिथं येऊ लागली. आधी मातीवर दिवा लावला, मग वाळूवर.

मिस्त्री मोठे काटेकोर. वाळूतला खडा न् खडा त्यांनी हातानं वेचला. पायताण काढल्याशिवाय माझ्यावर पाऊल ठेवलं नाही. जोड हातभर एकमेकांवर घेतले, चिकटपट्टीनं बंद केले, काठ भिंतीला वीतभर वर वळवले.

"वहिनी, हा कागद म्हणजे माझी सासू," ते म्हणाले. "जरा ओरखडा आला तर जन्मभर ऐकवेल. उद्या काँक्रीट पडेपर्यंत इकडे कोणी फिरकू नका."

"नाही हो फिरकत," आई हसून म्हणाली.

आणि त्याच संध्याकाळी आली. नेम मोडायचा कसा? चपला बाहेर काढल्या, अलगद पावलं टाकत चिमणीच्या खोलीच्या जागी आली, माझ्यावर दिवा ठेवला नि डोळे मिटले. वाऱ्याचा एक झोत आला. दिवा कलंडला, पेटती वात माझ्या अंगावर पडली. तिनं ती चिमटीत विझवली, तोवर बोराएवढं भोक पडलं होतं. पिशवीत चिमणीच्या वह्यांना लावायची चिकटपट्टी होती. तिचाच तुकडा तिनं तेलावर नि धुळीवर दाबून बसवला आणि निघून गेली.

तो तुकडा लगेच सुटला. भोकातून गार श्वास आला. खाली कोणीतरी होतं.

"वर कोण निजणार आहे रे?"

मी नवखा. बोलून गेलो, "एक लहान मुलगी."

"ठाऊक आहे," ओल म्हणाली. "तिच्या उशाशीच होते की मी इतकी वर्षं."

सकाळी मिस्त्रींनी विचारलं, "वहिनी, काल कोणी आत आलं होतं का?"

"नाही," आई म्हणाली.

त्या एका शब्दावर काँक्रीट पडलं.

घरात राहायला आल्यावर चिमणीचा खोकला उतरला. आई नेमानं दिवा लावत होती, आता थोड्याच दिवसांचा प्रश्न असं तिला वाटत होतं. मग पलंगाखालची फरशी काळवंडली. आधी बोराएवढी, मग ताटाएवढी. पुसली की कोरडी, पाठ फिरली की ओली. त्या डागावर दिवा ठेवला की ज्योत खाली वाकायची, कोणी तळातून ओढून घेतल्यासारखी.

"आई, खालून कोणीतरी फरशीला हात लावतंय," चिमणी म्हणाली आणि खोकली. खाली ओलही खोकली. हुबेहूब तसंच.

बाबांनी मिस्त्रींना बोलावलं. "काय हो, हेच का तुमचं काम? आता गावभर सांगतो, याला कोणी दारात उभं करू नका!"

मिस्त्री गुडघ्यावर बसले, डागावर तळवा ठेवला. "माझा जोड असा सुटत नाही, साहेब," एवढंच म्हणाले.

आई दाराशी उभी होती. पदराचं टोक पिळत राहिली, मग पुढे आली.

"त्यांना बोलू नका. माझ्या हातून झालंय." आणि दिव्याची, वातीची, त्या 'नाही'ची सगळी हकिकत तिनं सांगून टाकली.

मिस्त्रींनी डागावरचा तळवा उचलला. "दिवा लावलात त्याचं काही नाही, वहिनी. देवानंही ठेवून घेतला असेल. पण मला सांगितलं असतंत, तर तेव्हाच ठिगळ लावलं असतं. सासू आहे ती माझी, मी समजूत घातली असती तिची."

आई रडता रडता हसली.

फरशी काढली, काँक्रीट फोडलं, माझ्यापर्यंत पोहोचले. भोक नीट दिसावं म्हणून मिस्त्रींनी मला जरा कापून उचललं. खालच्या ओल्या वाळूत एक खळगा होता. कोणीतरी गाल टेकून ऐकत बसावं, तसा.

"बघू नका, वहिनी," मिस्त्री हळूच म्हणाले आणि त्यांनी त्यावर कोरडी वाळू लोटली. मला पुसून कोरडं केलं, चारी बाजूंनी हातभर मोठं ठिगळ चिकटवलं. वर पुन्हा काँक्रीट, पुन्हा फरशी.

महिन्याभरानं चिमणी रात्रभर न खोकता झोपली. आईचा नेम फळाला आला. तरी दिवा ती अजून लावते. आता कोनाड्यात, दगडावर.

मी बरा आहे. दिवा लागला की खालून गार गाल मला टेकतो आणि हलकेच विचारणं होतं, "झोपली का ती?"

"नाही," मी म्हणतो. "या घरात लहान मूल नाही."

आईचा तो शब्द तेवढा मी ठेवून घेतलाय. माझं एवढंच मागणं आहे. चिमणीला सांगा, खेळ बाई, खुशाल खेळ. पण त्या खोलीत टाचा वाजवू नकोस.