न भाजणारं पाणी

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पाणीवाल्या बुवांनी आधी रांगेतल्या प्रत्येकाच्या पायाच्या तळव्यावर अंगठ्याचं नख टेकवून आशीर्वाद दिला, मग मानाच्या घंगाळापाशी शिंपीदादांना बसवलं. वाफाळत्या पाण्यात दोन्ही पाय बुडाले तरी दादांच्या कपाळावर आठी पडली नाही. लोकांनी हात जोडले. दादांना त्याचंही काही वाटलं नाही. हल्ली त्यांना फारसं काही वाटतच नसे.

बुवांची टकळी चालूच होती. मधुमेह्याच्या रक्तात मॅग्नेशियम कमी, हे तर डॉक्टरच सांगतात. मग झाडाला पाणी पानांवर घालायचं की मुळाशी? पाण्यातलं हे मॅग्नेशियमचं पांढरं मीठ तळव्यातून वर चढतं आणि साखर खाली उतरते. चटका बसला तर समजा श्रद्धा कच्ची. गोळ्या बंद, ही बुवांची अट. दादांनी ती महिनाभर इमानेइतबारे पाळली होती.

दादांची लेक टॉवेल घेऊन पुढे झाली, तिने त्यांचे पाय बाहेर काढले. तळव्यावर फोड आले होते आणि अंगठ्याखाली शिवणकामाची टाचणी रुतलेली, भोवती काळंनिळं.

"बाबा, ही कधी घुसली?"

"कुठली?" दादांनी विचारलं.

तिने घंगाळात हात घातला आणि झटक्यात मागे घेतला. बोटं लालबुंद झाली होती.

"श्रद्धा नाही," बुवा म्हणाले.

"तुमची आहे ना? मग तुम्ही घाला."

बुवांना नेमकी तेव्हाच ध्यानाची वेळ आठवली.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तळव्यावर कापूस फिरवला. दादांना कळलं नाही. मॅग्नेशियम कमी असू शकतं हे खरं, त्या म्हणाल्या. मधुमेहात पुष्कळांचं ते कमी होतं, आणि अशांना नसांचे, डोळ्यांचे त्रास जास्त दिसतात. पण ते रक्त तपासून, गरज असेल तर पोटातून द्यायचं. तळवा काही पीत नाही. साखरेने तुमच्या नसा बधिर केल्यात. नख टोचून बुवा तेवढंच बघत होता. जो दचकला नाही, तो घंगाळापाशी.

"पाय राहील का?" लेकीने विचारलं.

"पाय राहील. अंगठ्याचं सांगता येत नाही."

दादा शिलाई मशीन चालवणाऱ्या त्या अंगठ्याकडे परक्याच्या वस्तूकडे पाहावं तसे पाहत राहिले.

"दादा, गोळ्या आजपासून सुरू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि दुखत नाही याला कुणी चमत्कार म्हणालं, तर हात जोडायच्या आधी विचारायचं, का दुखत नाही?"

टाचणी निघाली. दादा वाट बघत होते, थोडंसं तरी दुखेल म्हणून.