साडूंचा बिननुकसानी कारभार

माझे साडू निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या कचेरीला जो आनंद झाला, तो आमच्या घराण्याला महागात पडला. कचेरीत ते माणसांना शिस्त लावायचे. आता हाताखाली माणसं उरली नाहीत, म्हणून त्यांनी फोटोंना शिस्त लावायला घेतली.

अख्ख्या कुटुंबाचे फोटो त्यांच्याच संगणकात. कॅमेरा त्यांचा, आणि प्रत्येक समारंभात लोकांना उन्हात ताटकळत ठेवायचा मक्ताही त्यांचाच. त्यामुळे आमच्या सासूबाई बहुतेक फोटोंत दात उपटून घ्यायला बसल्यासारख्या दिसतात. अपवाद एकच. एकदा साडू सगळ्यांना चौकटीत बसवत मागे मागे सरकले आणि त्यांचा पाय थेट पाण्याच्या बादलीत गेला. पडता पडता बटण दाबलं गेलं. त्या फोटोत सासूबाई तोंडावर हात धरायचं विसरून हसल्या आहेत. त्या गेल्यावर माझ्या बायकोला भिंतीवर लावायला तोच फोटो हवा होता, मोठा करून. दुसरा कुठलाही नको.

तिने मागितला, तर साडू म्हणाले, थांब जरा. जुन्या फॉरमॅटमधले फोटो म्हणजे उघड्यावर ठेवलेलं दूध, कधी नासेल सांगता येत नाही. ते सगळे फोटो नव्या लॉसलेस फॉरमॅटमध्ये नेत होते. त्यात म्हणे कणभरही हरवत नाही. लॉसलेस हा शब्द ते असा उच्चारायचे, जणू तो त्यांनीच शोधला आणि मोठ्या मनाने जगाला वापरायला दिला.

काम संपल्याचा निरोप आला, आम्ही गेलो. आणि तिथे साडूंची अक्कल आम्हाला सविस्तर पाहायला मिळाली.

प्रत्येक फोटोच्या दोन प्रती होत्या. एक कॅमेऱ्यातली मूळ, दुसरी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकून परत उतरवून घेतलेली. ग्रुपवर गेलेला फोटो पार चेपून येतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण ग्रुपवर टाकण्याआधी साडूंनी कोपऱ्यात स्वतःचं नाव घातलं होतं. म्हणून नव्या फॉरमॅटचा मान त्या चेपलेल्या प्रतींना मिळाला. त्या फुगल्या, जागा पुरेना. तेव्हा साडूंनी कॅमेऱ्यातल्या मूळ प्रती ‘त्याच त्या’ म्हणून पुसल्या. वर कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. शिस्तीचा माणूस.

बायकोने विचारलं, “भाऊजी, आईचा मूळ फोटो?”

“हा काय. आधीचं वजन बघ आणि आताचं बघ. वजन वाढलं म्हणजे तब्येत सुधारली, एवढं तरी कळतं ना?”

कणभरही हरवलं नाही, हे मात्र खोटं नव्हतं. घर जळून गेल्यावर त्यांनी राख तिजोरीत ठेवली होती, आणि त्या राखेतला एक कणही हलला नव्हता.

मोठा करून आणलेला फोटो बायकोने उघडला. गालांवर न्हाणीघराच्या फरश्या बसवलेल्या. दातांच्या जागी एक पांढरा चौकोन. साडूंचं नाव तेवढं स्वच्छ वाचता येत होतं. ती चौकट घेऊन घरभर हिंडली आणि शेवटी बोळकांडीच्या पार टोकाला तिने खिळा ठोकला. स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं की ते चौकोन एकमेकांत मिसळायचे आणि सासूबाई हसायच्या. दोन पावलं पुढे गेलं की पुन्हा फरश्या.

पुढच्या आठवड्यात साडू आपलं कर्तृत्व बघायला आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी काचेला नाक लावलं.

“बघा,” ते म्हणाले. “कणभर हरवलंय?”

बायको लादी पुसत होती. ती दारात उभी राहिली. “भाऊजी, तिथून नाही दिसायचं. मागे या.”

ते फोटोवरची नजर न हटवता मागे सरकले.

“अजून मागे. तिला तुम्ही लांबूनच आवडायचात.”

वाटेत बादली होती. मला दिसली, तिलाही दिसली. दोघांपैकी कोणीच ती उचलली नाही.

पाणी माझ्या पायापर्यंत आलं. साडू बसल्या जागेवरून टॉवेल मागत होते, आणि बायको दाराला टेकून, तोंडावर हात धरायचं विसरून हसत होती. मी खिशातून फोन काढला आणि तिचा फोटो घेतला.

ग्रुपवर टाकला नाही.